चिंचेने घासलेले गरुड

दुपारी कोल्हापूरहून जुन्या नाण्यांचे व्यापारी सखारामशेठ आप्पांची नाणी विकत न्यायला येणार, म्हणून दर्शनाने सकाळीच चिंच भिजत घातली. आप्पा, म्हणजे तिचे सासरे, उमेदीची वर्षं झांबियात शाळामास्तर होते. मासेमार गरुडाचं चित्र असलेली तिथली नाणी त्यांनी जपून आणली होती. आखूड शेपटीच्या गरुडाची दोन एका मित्राने नामिबियाहून धाडलेली. सगळे पक्षी काळवंडलेले. पाहुण्यांपुढे असे कसे ठेवायचे? आप्पा आंघोळीला गेले तशी तिने देवाची भांडी घासावीत तशी ती घासून लखलखीत केली.

शेठांनी भिंग लावून एक नाणं पाहिलं, दुसरं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"ही घासली कोणी?"

"मी," कोकम सरबत घेऊन आलेली दर्शना म्हणाली. "का हो?"

"अहो वहिनी, जुनं नाणं कधी घासायचं नसतं! शौकीन लोक आता ह्यांना हात लावणार नाहीत. माझ्या उपयोगाची नाही राहिली ही."

दर्शनाचं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, आणि सासऱ्यांच्या आयुष्यभराच्या ठेव्याची तिने माती केली होती. आप्पा शेठांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ती सरबत तसंच घेऊन स्वयंपाकघरात परतली.

ते आत आले तशी ती रडवेली होऊन म्हणाली, "आप्पा, चुकलं माझं. मला ठाऊकच नव्हतं."

"गाडी वळणापलीकडे गेली का, बघ आधी."

तिने खिडकीतून पाहिलं. "गेली."

आप्पा खुर्चीत मटकन बसले आणि पोट धरून हसायला लागले. "सुटलो गं बाई! महिनाभर मागे लागला होता. भिडेपोटी हो म्हणून बसलो, तेव्हापासून जेवण जात नव्हतं. शब्द दिलेला, फिरवायचा कसा? तू सोडवलंस."

"म्हणजे रागावला नाहीत?"

"विचारायला हवं होतंस, एवढं खरं. पण हे बघ." त्यांनी एक नाणं उजेडात धरलं. "नदीकाठी शाळा होती आमची. हा ओरडला की पोरं गणित टाकून खिडकीशी धावायची. मीसुद्धा."

दर्शनाने डोळे पुसले आणि ताटं घेतली. त्या दिवशी आप्पांनी भात दोनदा मागून घेतला.