फादरांच्या झग्याची कमर

बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर मागची सगळी पापं धुऊन जातात हे कळल्यावर मास्तरांना आनंद झाला, आणि थोडी हळहळही वाटली. पन्नाशीपर्यंत जमवलेला ऐवज होता. त्यात तरुणपणची दोन-तीन प्रकरणं तर अशी की ऐकणाऱ्याने खुर्ची पुढे ओढली असती. सगळं तांब्याभर पाण्यात वाहून गेलं. आता पहिल्या कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, जायचं तर बाप्तिस्म्यानंतरचं ताजं पाप हवं.

ताजं पाप होतं, पण ते नेमकं कन्फेशन ऐकणाऱ्या फादरांच्याच कमरेभोवती जाऊन बसलं होतं.

त्याचं असं झालं. मास्तर शिंपी. बाप्तिस्म्याच्या आनंदात त्यांनी फादरांना नवा झगा शिवून द्यायचं ठरवलं. माप घेताना गप्पा रंगल्या, टेप कुठेतरी घसरली, आणि झगा अंगात घातल्यावर पोटावरची बटणं काजांना भेटायला काही केल्या तयार होईनात. दुकानात गिऱ्हाइकं. मास्तरांची सगळी पत एकाच गोष्टीवर उभी होती, माप चुकत नाही. तोंडातून निघून गेलं, “फादर, तुमचं वजन वाढलंय.”

फादरांनी खाली पाहिलं. झगा पोट उतरेपर्यंत दुकानातच लटकवून ठेवला, रात्रीचं जेवण सोडलं आणि दुपारी उकडलेली गाजरं सुरू केली. उपाशीपोटी त्यांची प्रवचनं लांबत गेली, आणि विषय एकच, खादाडपणा. पहिल्या बाकावर बसणारी केकवाली तर दर रविवारी डोळे पुसत घरी जायची.

सांगावं तर नाव गेलं, न सांगावं तर कन्फेशन गेलं. मास्तर मशीनवर बसून नुसते सुई-दोऱ्याकडे बघत राहायचे.

सासूबाई जन्माच्या कॅथलिक. जावयाची तयारी करून घ्यायचं त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून त्यांनी तोंडापुढे पिठाची चाळणी धरली.

“ही जाळी. मी फादर. टेका गुडघे, जावईबापू.”

“आई, गुडघा धरतो हो माझा.”

“आई कोण इथे? फादर म्हणा. बोला.”

“फादर, मी चिडचिड केली.”

“कुणावर?”

“मशीनवर.”

“मशीन धरत नाहीत. पुढे.”

“खोटं बोललो. सूप छान झालंय म्हणालो.”

चाळणी खाली आली. “कुठलं सूप?”

“अगं आई,” भांडी घासता घासता बायको म्हणाली, “तूच शिकवलंस ना? कन्फेशनमधलं बाहेर काढायचं नाही. आत ऐकलेलं बाहेर फादरांना ठाऊकच नसतं.”

सासूबाईंनी चाळणी पुन्हा वर केली, पण जरा जोरातच. “आणि एक लक्षात ठेवा. मोठं पाप जाणूनबुजून लपवलंत, तर बारीकसारीक सांगून काही उपयोग नाही. आहे का असं एखादं?” एका भोकातून डोळा रोखलेला होता.

“नाही,” मास्तर म्हणाले, आणि ताज्या पापांत आणखी एकाची भर पडली.

शनिवारी ते चर्चमधल्या खऱ्या जाळीपुढे गुडघ्यावर बसले. आवाज शक्य तितका परका काढून मशीन सांगितलं, सूप सांगितलं. तेवढ्यात जाळीपलीकडून फादरांचं पोट गुरगुरलं, लांबलचक आणि केविलवाणं.

मास्तरांचा धीर सुटला. “फादर, एका सज्जन माणसाचा झगा मी कमरेत चुकवला, आणि खापर त्याच्या पोटावर फोडलं.”

पलीकडे खुर्ची करकरली.

“त्या सज्जन माणसाला भेटा. जिथे खोटं बोललात तिथेच, चार लोकांसमोर खरं सांगा. हे तुमचं प्रायश्चित्त.”

“पण फादर, आता तुम्हाला कळलंच की!”

“मला? या जाळीबाहेर गेलो की मला काहीही माहीत नाही. बाहेर मी जाड माणूस आहे. तुम्ही सांगेपर्यंत गाजरंच खाणार.”

सोमवारी मास्तरांनी फादरांना दुकानात बोलावलं. केकवाली ब्लाउज न्यायला आलेली, सासूबाई पडदे घेऊन बसलेल्या. फादर आले ते इतका भाबडा चेहरा करून, की शनिवारचा माणूस वेगळाच होता की काय, अशी मास्तरांना शंका यावी.

“काय काम काढलंत, मास्तर?”

मास्तरांनी कमरेला टेप लावली. सगळे बघत होते.

“उतरलं का हो पोट?” केकवालीने आशेने विचारलं.

फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. झग्याच्या आत मार्जिनचं जादा कापड भरपूर होतं, रात्रीत शिवण सैल केली असती तर सगळे खूश, आणि मास्तरांचं नावही शाबूत. फादर छताकडे बघत होते. छतावर काहीही नव्हतं.

“उतरायला चढलं कुठे होतं?” मास्तर एकदाचे म्हणाले. “कमर तेव्हाही एवढीच होती. माझं माप चुकलं, आणि मी खोटं बोललो.”

“काय सांगता!” फादर दोन पावलं मागे सरले, छातीवर हात ठेवला. असा धक्का बसलेला माणूस त्या दुकानात आजवर कुणी पाहिला नव्हता. मग ते केकवालीकडे वळले. “बाई, दुकान उघडं आहे का तुमचं?”

ती दोघं जवळजवळ पळतच गेली. मास्तरांनी झगा उलटा करून शिवण उसवायला घेतली.

“चाळणीपुढे ‘नाही’ म्हणाला होतात, जावईबापू,” मागून आवाज आला.

“आई,” मास्तर दोरा दातांनी तोडत म्हणाले, “चाळणीतलं बाहेर काढायचं नसतं.”