आठव्या कप्प्यातल्या गोळ्या

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे, मित्रांनो, आणि माझी कडी धड लागत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सगळी गोष्ट शेवटी या कडीवरच येऊन ठेपणार आहे.

एका तरुण शिंप्याने नवं दुकान थाटलं होतं. त्याला बटणांसाठी कप्प्यांची डबी हवी होती. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने मला चार-चार कप्प्यांच्या दोन ओळी दिल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, वर झाकण बसवलं. पण कडी मात्र केसभर आखूड झाली. "आठ दिवसांनी या, बदलून देतो," तो म्हणाला. "येतो," शिंपी म्हणाला. या गोष्टीला आता एकेचाळीस वर्षं झाली.

त्या शिंप्याला पुढे सगळे मास्तर म्हणू लागले. माझी जागा त्यांच्या मशीनच्या उजव्या हाताला होती. सात कप्प्यांत सात तऱ्हेची बटणं असत आणि आठवा कप्पा जादाच्या बटणांचा. त्यामागे कारण होतं. एकदा एका डॉक्टरांच्या कोटाला एकच बटण कमी पडलं. मास्तरांनी सगळा बाजार पालथा घातला, पण तसं बटण मिळालं नाही. अखेर सगळी बटणं उसवून नवी लावावी लागली. तेव्हापासून मास्तरांनी कानाला खडा लावला. कुठलंही कापड असो, कुणीही गिऱ्हाईक असो, एक बटण जादाचं बाजूला पडायचंच. "हाताशी जादाचं असावं," असं ते म्हणत आणि मला थोपटत. मला फार अभिमान वाटे.

पण मित्रांनो, त्या दिवसांतलं एक दुखणंही सांगते. माझं झाकण मास्तरांची राखदाणी झालं होतं. एक सिगारेट विझली की दुसरी पेटे. शेजारी गोड चहाचा कप आणि खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. सकाळी बसलेले मास्तर जेवणापुरते उठत, की पुन्हा बैठक. मशीन चाले, कातर चाले, मास्तर तेवढे चालत नसत. पोट वाढलं तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि प्रश्न मिटवला.

दुकानामागेच घर होतं. मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणे. काकू रोज बडबडत, "अहो, जरा पाय मोकळे करून या." मास्तर रोज म्हणत, "एवढी शिवण झाली की जातो." एवढी शिवण काही कधी झाली नाही.

मग एके दुपारी इस्त्री करता करता मास्तर थांबले. त्यांना दरदरून घाम फुटला होता. डावा हात भरून आला होता, जबडा दुखत होता. काकूंनी पडद्याआडून पाहिलं आणि त्या धावत आल्या.

"काही नाही गं, इस्त्री जड झालीये आज."

"इस्त्री रोज तेवढीच असते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारून गाडी बोलावली. मास्तर अर्ध्या शिवलेल्या विजारीकडे बघत होते. काकूंनी त्यांना हाताला धरून उठवलं. तिथे त्यांनी मास्तरांचं ऐकलं असतं, तर पुढे सांगायला काही उरलं नसतं.

दवाखान्यात मी नव्हते. पण काकूंनी ती हकीकत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली, त्यामुळे मला ती पाठ आहे. मास्तरांच्या हृदयाला रक्त पुरवणारी एक नळी तुंबली होती. डॉक्टरांनी मनगटातून एक बारीक तार आत सरकवली, इवलासा फुगा फुगवून ती नळी मोकळी केली आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून आत जाळीची नळी बसवली. मास्तर जागेच होते. "छाती उघडली नाही की टाका घातला नाही," ते नंतर थक्क होऊन सांगत. शिंप्याला याचंच जास्त नवल.

घरी आल्यावर काकूंनी मला रिकामं केलं, गरम पाण्याने घासलं आणि उन्हात ठेवलं. झाकणावरची राख कायमची गेली. आठवड्याच्या सात दिवसांच्या गोळ्या माझ्या सात कप्प्यांत बसल्या. त्यांतली गुलाबी गोळी सगळ्यांत महत्त्वाची. त्या जाळीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ती रोज घ्यायची, एकही दिवस न चुकवता. आठवा कप्पा मात्र मास्तरांनी सोडला नाही. त्यात नऊ बटणं ठेवली. सकाळी ती डाव्या खिशात टाकून ते मैदानावर जात. एक फेरी झाली की एक बटण उजव्या खिशात. फेऱ्या मोजायची ही युक्ती त्यांचीच. ज्या बटणांनी जन्मभर माणसांचे सदरे सांभाळले, ती आता मास्तरांबरोबर हवा खायला जाऊ लागली. सिगारेट सुटली, ताटातलं वरचं मीठ गेलं, चहातली साखर निम्म्यावर आली. खुर्ची पुन्हा पुढे सरकली.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि तिथेच मास्तरांनी घोळ घातला.

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असे. त्या दिवशी ते माझं झाकण उघडत, बाकीच्या गोळ्या घेत आणि गुलाबी गोळी हळूच आठव्या कप्प्यात, बटणांखाली सारत. जादाची म्हणून! हे औषध एखाद दिवशी बाजारात मिळालंच नाही तर? शिवाय सुट्टीला कुठे काम असतं, मग गोळी तरी कशाला? फिरून आल्यावर बटणं परत त्यांवर ठेवत, आणि काकू त्या दिवसाचा रिकामा कप्पा बघून समाधानाने मान हलवत. मला सगळं दिसत होतं. पण डबीला कुठलं आलंय तोंड? मी आतल्या आत कुढत होते. एक झाली, चार झाल्या, नऊ झाल्या.

अकराव्या सुट्टीच्या सकाळी अकरावी गोळी बटणांखाली गेली. मास्तर बुटांच्या नाड्या बांधायला बसले आणि बसूनच राहिले. त्यांचा हात छातीवर गेला. आदल्या दोन दिवसांतही तो असाच गेला होता, तेव्हा काकू आत होत्या. आज त्या समोरच होत्या.

"दमलात का? थांबा, बटणं मी काढून देते."

"नको नको, मी घेतो!"

मास्तर धडपडून उठले. काकूंनी मला उचललं, मास्तरांनी दुसरीकडून धरलं आणि त्या ओढाताणीत माझ्या आखूड कडीने दगा दिला. झाकण उघडलं. मी पालथी झाले. बटणं चहूकडे घरंगळली आणि त्यांच्याबरोबर गुलाबी गोळ्याही.

काकू खाली बसल्या. एकेक गोळी वेचून त्यांनी पदरात घेतली. मोजली. अकरा.

"अहो, ही काही बटणं नाहीत."

मास्तर खाली मान घालून म्हणाले, "जादाच्या असाव्यात म्हणून ठेवत होतो गं."

मला वाटलं, आता भडका उडणार. पण काकूंनी गोळ्या पदराच्या टोकाला गाठ मारून बांधल्या. मग त्या म्हणाल्या, "बटण जादाचं ठेवलंत, गोळी जादाची ठेवलीत. माझ्यासाठी नवरा जादाचा ठेवलाय का कुठे?"

काकूंनी पुन्हा गाडी बोलावली. नाडी तशीच सुटलेली ठेवून मास्तर काकूंबरोबर गाडीत बसले. मला आणि त्या अकरा गोळ्यांनाही सोबत नेलं होतं, म्हणून या वेळी दवाखाना मी स्वतः पाहिला. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, रक्त तपासलं आणि मास्तरांना दोन दिवस ठेवून घेतलं. जाळी अजून मोकळी होती. थोडक्यात निभावलं होतं.

"मास्तर, सुट्टीच्या दिवशी दुकान बंद ठेवता," बाई म्हणाल्या, "हृदय पण बंद ठेवता का?"

"नाही."

"मग गोळी का बंद? आणि जादाच्या हव्यातच, तर आठवडाभर आधी पुढच्या गोळ्या आणून ठेवा. रोजच्यातली काढायची नाही. छातीत दुखलं तर लपवायचं नाही, आणि वाट तर बघायचीच नाही."

मास्तरांनी मान डोलावली. मग चाचरत विचारलं, "आणि चालणं? ते जादाचं चालेल?"

"सध्या आराम. मग मी सांगेन तसं वाढवा. ती बचत मला चालेल."

त्याला वर्ष उलटून गेलं. तेव्हा दवाखान्यातून घरी आल्यावर मास्तरांनी पक्कड आणली होती, माझी कडी एकदाची नीट करायला. काकूंनी ती हातातून काढून घेतली. "राहू दे. हिच्या पोटात काही राहत नाही, तेच बरं आहे."

मित्रांनो, ज्या खोटीची मला जन्मभर लाज वाटली, तिच्यामुळेच माझे मास्तर आज माझ्यासमोर बसून काज करताहेत. त्या कारागिराचे मी रोज आभार मानते. त्या डॉक्टरीणबाईंचे मानते. आणि काकूंचे तर किती मानू?

तुमच्याही घरात गोळ्यांची एखादी डबी असेल. ती बोलणार नाही, आणि सगळ्यांच्याच कड्या काही माझ्यासारख्या नसतात. म्हणून आजी-आजोबांच्या शेजारी बसा, गोळी घशाखाली उतरेपर्यंत बसा, आणि मग त्यांचा हात धरून फिरायला घेऊन जा. त्यांच्यासारखे दुसरे कुणी कुठल्याही कप्प्यात ठेवलेले नाहीत.

माझ्या आठव्या कप्प्यात आता दहा बटणं असतात. नऊ फेऱ्यांची नऊ, आणि एक जादाचं. रोज सकाळी तो कप्पा रिकामा होतो आणि मी कान देऊन बसते. थोड्या वेळाने पायरीवर बूट वाजतात आणि उजव्या खिशात दहा बटणं खुळखुळतात.