खर्जसाहेबांच्या दमाची वाक्यं

शाळेत व्याकरणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे रेडिओ केंद्रात भाषणं लिहायची नोकरी लागली तेव्हा तिला वाटलं, हा तर आपल्या डाव्या हातचा मळ. दर गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटांचं भाषण असे. पहिलंच भाषण तिने असं लिहिलं की ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, एक शब्द दुसऱ्यांदा आलेला नाही. निवेदकांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि चष्मा कपाळावर सारला. त्यांचा आवाज इतका खोल की सगळं केंद्र त्यांना खर्जसाहेब म्हणे.

"चूक काढायला जागा ठेवली नाहीत, बाई," ते म्हणाले. "पण हे सांगताय कुणाला?"

"श्रोत्यांना."

"श्रोते नावाचा माणूस मला अजून भेटलेला नाही. तुम्हाला भेटलाय?"

ती मनातून धुमसतच घरी गेली. तिथे कागद मोठ्याने वाचून पाहिला, तर दुसऱ्याच वाक्याला धाप लागली.

मग ती स्टुडिओच्या काचेमागे बसून त्यांना ऐकू लागली. श्वास कुठे घेतात, कुठला शब्द जिभेवर घोळवतात, हसू कुठे दाबतात. शिंप्याने मापं घ्यावीत तशी तिने ती घेतली. त्यांना म्हणायला आवडेल असा शब्द ती खुशाल दोनदा लिहायची. कधी वाक्य अर्ध्यावर सोडायची, उरलेलं ते गप्प राहून सांगतील म्हणून. तिचं लग्न राहूनच गेलं होतं, त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघांपैकी कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. पण आठवडाभर मनात साठलेलं ती त्यांच्यासाठी लिहायची, आणि गुरुवारी ते त्यांच्याच तोंडून ऐकायची.

एक दिवस ते निवृत्त झाले आणि मुलीकडे, दूर परदेशी निघाले. "सांभाळा," म्हणाले. ती "हो" म्हणाली. इतकं लिहिणाऱ्या बाईला ऐन वेळी दुसरा शब्द सुचला नाही.

त्यांच्या जागी एक तरुण निवेदिका आली. आवाज गोड, उच्चार स्वच्छ. तिच्यासाठी लिहिलेली भाषणं मात्र पुन्हा निबंधासारखी होऊ लागली. केंद्रप्रमुख खूश होते. घरी वहिनी तेवढी म्हणाली, "वन्सं, छान होतं हो. पण माझी भाजी काही करपली नाही."

"म्हणजे?"

"पूर्वी दर गुरुवारी हमखास करपायची."

ती हसली, आणि आत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

पुढचा विषय होता ध्वनिप्रदूषण. तिने भोंगे आणि रहदारीवर दोन परिच्छेद लिहिले, फाडले. मग लिहिलं की गोंगाटाला माणूस वैतागतो खरा, पण रोज ऐकू येणारा एकच आवाज बंद झाला, म्हणजे एखादं खाकरणं, खुर्चीची एक कुरकुर, की त्या खोलीत बसवत नाही. तीन वाक्यं 'आणि'ने सुरू झाली. तिने ती तशीच ठेवली.

"ताई, इथे क्रियापद राहिलंय," निवेदिका म्हणाली.

"राहू दे. तिथे थांब. घाई करू नकोस."

लाल दिवा लागला. मुलगी वाचू लागली आणि त्या जागी थांबली. इतकी थांबली की काचेमागचा तंत्रज्ञ घाबरून पुढे वाकला. मग ती पुढे वाचू लागली, पण आता तिचा आवाज गोड राहिला नव्हता, जरा फाटला होता. काचेमागे लिहिणारी डोळे मिटून ऐकत होती. वाक्यं खर्जसाहेबांच्या दमाची होती, आवाज त्यांचा नव्हता. ते नसणं तिला इतकं स्पष्ट कधी ऐकू आलं नव्हतं.

मुलगी नाक पुसत बाहेर आली. "मला माझी आई आठवली," ती म्हणाली. मग जरा चाचरत, "हे तुम्ही खर्जसाहेबांसाठी लिहिलंत ना?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"हो."

"त्यांना तिकडे ऐकू येतं?"

"नाही गं. आपलं केंद्र नदीपलीकडेसुद्धा धड लागत नाही."

मुलगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"चल," ती पर्स उचलत मुलीला म्हणाली, "काहीतरी खाऊन घेऊ. मला सपाटून भूक लागलीय."