चहा राहील गरम

मी एक जुना निळा थर्मास आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत, बरण्यांच्या शेजारी माझी जागा आहे. मला उचललंत तर पोटात काच खुळखुळेल, म्हणून फडकं मारतानाही मला सांभाळून बाजूला करतात. माझ्यात आता चहा भरत नाहीत. तरी मी अडगळीत गेलेलो नाही, आणि त्याला एक कारण आहे. ते सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या काचेतून एकात एक अशा दोन बाटल्या घडवल्या गेल्या, त्यांची तोंडं जोडली गेली आणि मधली सगळी हवा शोषून घेतली गेली. मित्रांनो, माझ्या दोन भिंतींमध्ये काहीही नाही, आणि त्या काहीही नसण्यामुळेच आतली ऊब बाहेर जात नाही. तपासणीच्या टेबलावर एका माणसाने मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मान हलवली. मग मला निळं पत्र्याचं अंग मिळालं, पेल्यासारखं झाकण मिळालं, आणि मी दुकानात आलो.

तिथून मला एका नव्या जोडप्याने घरी आणलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री होता. ती एका मोठ्या कंपनीच्या तळघरात टेलिफोन ऑपरेटर होती. तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. मला घेताना बाई दुकानदाराला म्हणाल्या होत्या, "दोन दिवस बाहेर राहायला जायचंय. चहा लागेल." दुकानदाराने विचारलं, "लांब जाताय?" बाई हसल्या. "नाही हो. इथेच, नदीपलीकडे."

त्यांना आपल्याच शहरात पाहुणे व्हायचं होतं. नदीपलीकडे एक उंच हॉटेल होतं. त्याच्या लिफ्टांची देखभाल मिस्त्रींकडे होती. लिफ्टचा खड्डा, वरची मशीनची खोली, तारा, चाकं, सगळं त्यांना पाठ होतं. पण मशीनच्या खोलीला खिडकी नसते आणि तळघरालाही नसते. एवढ्या मोठ्या शहरात दिवसभर राबून दोघांनाही शहर कधी दिसलं नव्हतं.

बुधवारी मिस्त्री लवकर घरी यायचे. जेवणं झाली की टेबल पुसून बेत सुरू व्हायचा.

"हे हॉटेल," असं म्हणून मिस्त्री मला टेबलाच्या मधोमध उभं करायचे. घडी घातलेला टॉवेल म्हणजे नदी. तिच्यावर आडवा चमचा म्हणजे पूल. आणि पलीकडच्या कडेला काडेपेटी.

"हे आपलं घर."

"एवढंसं?"

"वरून एवढंसंच दिसणार."

"मग मी ओळखायचं कसं?"

"मी आहे ना दाखवायला."

बाई माझ्या झाकणाच्या पातळीला डोळे आणून काडेपेटीकडे बघायच्या. "दिवसभर मी अख्ख्या शहराला एकमेकांशी जोडून देते," त्या म्हणायच्या. "मला एकदा ते वरून बघायचंय. आणि आपण घरात नसताना आपलं घर कसं दिसतं, तेही."

"आपण नसताना त्याला कुलूप असतं," मिस्त्री म्हणायचे.

"तुमच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही," असं म्हणत बाई काडेपेटी उचलून शेगडीजवळ ठेवायच्या. बेत तेवढ्यापुरता संपायचा.

पहिला शनिवार मला चांगला आठवतो. मला भरण्याची बाईंची एक पद्धत होती. आधी त्या माझ्यात ऊन पाणी घालत, मला हळूहळू फिरवत, थोडा वेळ तसंच ठेवत. मग ते पाणी ओतून चहा भरत. त्या दिवशी असा चहा भरला, बॅग दाराशी आली, बाईंनी चपला घातल्या आणि फोन वाजला.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. फोन ठेवून ते म्हणाले, "लिफ्टमध्ये दोघं अडकलीत. एक आजोबा आहेत. बाहेर काढतो आणि आलोच."

"जा," बाई म्हणाल्या. "माणसं अडकलीत म्हटल्यावर काय करणार. आणि हा घेऊन जा." त्यांनी मला बॅगेतून काढून मिस्त्रींच्या हातात दिलं. "कितीही उशीर झाला तरी चहा राहील गरम."

तो राहिला. सुटका झालेल्या आजोबांनी माझ्या झाकणातून चहा प्यायला. झाकण रिकामं करून पुन्हा पुढे केलं. "झकास थर्मास आहे हो," ते म्हणाले. मला फार अभिमान वाटला. त्या दिवशी हॉटेलात जायची वेळ टळून गेली होती.

मग तसंच होत गेलं. कधी दवाखान्याची लिफ्ट, कधी कचेरीची, कितीदा तर त्याच हॉटेलची. रजा मंजूर असली तरी त्या भागातल्या जुन्या लिफ्टांसाठी फोन मिस्त्रींनाच यायचा, आणि लोक अडकलेत म्हटल्यावर त्यांना नाही म्हणवत नसे. दर वेळी बाई मला त्यांच्या हातात द्यायच्या आणि तेच म्हणायच्या. मी मशीनच्या खोल्यांमधून, तेलाच्या डब्यांशेजारी उभा राहून काम केलं. वॉचमन, सफाईवाल्या बाया, घाबरलेले पाहुणे, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. एकदा मिस्त्रींच्या हातून पाना माझ्यावर पडला. अंगाला खळगा पडला, पण काच शाबूत राहिली.

घरी बाई काय करत असतील, हा विचार मला तेव्हा कधी शिवला नाही. मी नेहमी जाणाऱ्याच्या बरोबर असायचो.

त्यांना मुलगी झाली. ती मोठी झाली तशी बुधवारच्या बेतात येऊन बसू लागली. तिने नदीत कागदाची होडी सोडली. नंतर तिला टोमणे सुचू लागले. "बाबा, तुमचं हॉटेल परत फळीवर गेलं बरं का," ती म्हणायची. "भिजवून ठेवू की घासून ठेवू?" मिस्त्री हसायचे. बाईही हसायच्या, पण जरा उशिराने.

पुढे मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. जाताना तिने बाबांना एक चकचकीत स्टीलची बाटली दिली. "पडली तरी फुटत नाही," ती म्हणाली. त्यात वाईट काही नव्हतं. मिस्त्री ती बाटली घेऊन कामावर जाऊ लागले आणि मी माळ्यावर गेलो.

मला माळ्यावर टाकताना कोणीतरी झाकण घट्ट लावलं होतं. तळाशी घोटभर चहा राहिला होता. मित्रांनो, माझ्यात ऊब कोंडून राहते, तसा वासही राहतो. तो घोटभर चहा आंबला, वाळला, आणि त्याचा कुबट वास माझ्या पोटात कित्येक वर्षं फिरत राहिला. खालून भांड्यांचा आवाज यायचा. बुधवारी टेबल पुसलं जायचं, पण त्यावर कोणी काही मांडत नव्हतं.

मिस्त्री निवृत्त झाले. बाईंची नोकरी त्याआधीच सुटली होती. तळघरात फोन जोडायला आता माणूस लागत नव्हता. एके दिवशी मुलीचा फोन आला. तिने त्यांच्यासाठी हॉटेलात खोली घेतली होती. वरचा मजला, नदीकडची खिडकी, शनिवार ते सोमवार सकाळ.

"बाबा, आता फोन आला तर तो माझाच येईल," ती म्हणाली, "आणि मी कुठेही अडकलेली नसेन."

बाईंनी मला माळ्यावरून काढलं. झाकण उघडताच तोंड फिरवलं, पण टाकून दिलं नाही. सोडा घालून, ऊन पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, झाकण काढून मला उन्हात ठेवलं. "ती स्टीलची बाटली नेऊ की," मिस्त्री म्हणाले. "ती फुटत नाही," बाई म्हणाल्या, "म्हणूनच घरी राहू दे."

शनिवारी दुपारी आम्ही खरोखरच निघालो. हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरलो, दार मिटलं, लिफ्ट वर जाऊ लागली आणि मिस्त्रींनी मान तिरकी केली.

"घासतंय कुठेतरी."

"घासू दे," बाई म्हणाल्या.

"तार नाही. चाकाकडचा आवाज आहे."

"अहो, तुम्ही आज पाहुणे आहात."

खोली छान होती. पडदा ओढलेला होता. बाईंनी मला खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर ठेवलं, दोन पेले मांडले आणि खुर्चीत बसल्या. पडद्याला हात लावला नाही.

"उघड की," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही दाखवणार होतात ना. या इकडे."

मिस्त्री दाराजवळच उभे होते. बाहेर लिफ्ट खाली जाण्याचा आवाज आला आणि ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "दोन मिनिटं. आता इथल्या लिफ्टा बघतो त्या पोराला मशीनच्या खोलीत नुसतं सांगून येतो. आलोच. चहा राहील गरम."

दार मिटलं.

आजवर मी नेहमी जाणाऱ्याबरोबर गेलो होतो. थांबणाऱ्याबरोबर थांबायची ही माझी पहिलीच वेळ. बाईंनी आधी टेबल पुसलं, जे स्वच्छच होतं. मग बॅग उघडली, कपडे काढले, पुन्हा घडी करून ठेवले. पॅसेजमध्ये पावलं वाजली की त्या दाराकडे बघत. पावलं पुढे जात. माझ्या पोटातला चहा गरम होता, आणि तो कोणी मागत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा बाईंनी स्वतःच पडदा सरकवला.

शहर टेबलासारखं मुळीच नव्हतं. नदी घडी घातल्यासारखी सरळ नव्हती, पूल तीन होते, आणि पलीकडे काडेपेट्यांची रास ओतल्यासारखी घरं पसरली होती. बाई काचेला कपाळ टेकून शोधत राहिल्या. अंधारू लागलं. एकेका घरात दिवे लागत गेले. बाईंनी एका पेल्यात चहा ओतला, दुसऱ्यात ओतला, आणि दोन्ही गार झाल्यावर बेसिनमध्ये टाकून दिले.

मिस्त्री आले तेव्हा त्यांची बोटं काळी झाली होती. "चाकाचं बेअरिंगच गेलं होतं," ते म्हणाले. "वेळेवर कळलं." मिस्त्री हात न धुताच खिडकीशी आले. "सापडलं?"

"नाही."

"तो मधला पूल बघ. त्याच्या टोकाला पाण्याची टाकी. तिच्या डाव्या हाताला सगळ्यात वरचा मजला. ते आपलं."

"तिथे काहीच नाही. नुसता अंधार आहे."

"मग, तेच ना. आपण दोघं इथे. दिवा कोण लावणार?"

बाई त्या अंधाराच्या चौकोनाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "इतकी वर्षं लावत होते. शनिवारी तुम्ही गेलात की स्वयंपाकघरातला दिवा लावून खिडकीत बसायचे. या हॉटेलच्या माथ्यावरचा लाल दिवा आपल्याकडून दिसतो. वाटायचं, यांनी एकदा बाहेर डोकावलं तर आपला दिवा यांना दिसेल."

"मशीनच्या खोलीला खिडकी नसते," मिस्त्री म्हणाले.

"माहीत आहे मला ते."

रविवारी दोघं नदीकाठी हिंडले. बोलले थोडं, पण बरं बोलले. दुपारी बाईंनी आपली पिशवी भरली.

"मी पुढे होते. तुम्ही राहा."

"म्हणजे? खोली सकाळपर्यंत आहे. रागावलीस?"

"रागावले असते तर कालच गेले असते. अंधार पडला की मी दिवा लावीन. तुम्ही इथून बघा. फोन करू नका, नुसतं बघा."

मिस्त्रींनी त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं. लिफ्ट आवाज न करता खाली गेली.

मग त्यांनी खोलीतल्या किटलीत चहा केला. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला भरलं होतं ते फक्त बाईंनी. आधी ऊन पाण्याने ऊब द्यायची, हे मिस्त्रींच्या कधी डोळ्यांखालून गेलंच नव्हतं. माझं पोट थंडगार होतं. त्यात त्यांनी उकळता चहा एकदम ओतला. टक्‌ असा बारीक आवाज झाला. लिफ्टच्या चाकाचा आवाज दार बंद असताना ओळखणाऱ्या त्या माणसाला तो ऐकू आला नाही.

ते खुर्चीत बसले. मी शेजारी. माझ्या भिंतीला तडा गेला होता, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे आता चहा झिरपत होता. बाहेर दिवे लागू लागले. पुलावर लागले, टाकीच्या आजूबाजूला लागले. तो चौकोन काळाच राहिला. मिस्त्री उठले, खिडकीपाशी गेले, परत बसले. बॅग उघडली, मिटली. पॅसेजमधली पावलं ऐकली. बाई पोचल्या असतील का, वाटेत काही झालं असेल का, हे विचारायला त्यांच्याजवळ मीच होतो.

मग तो दिवा लागला.

अगदी बारीक, पिवळा. लाखभर दिव्यांमध्ये एक. मिस्त्री काचेला कपाळ टेकून उभे राहिले, काल बाई उभ्या होत्या तसे. नंतर त्यांनी पेल्यात चहा ओतला. तो गार झाला होता आणि त्यात काचेचा कण चमकत होता. त्यांनी पेला खाली ठेवला.

"आलोच," ते खिडकीकडे बघून म्हणाले. खोलीत ऐकायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी मला बॅगेत घातलं, किल्ली खाली दिली आणि घर गाठलं.

बाईंनी दार उघडलं, मला हलवून बघितलं. "आधी ऊन पाण्याने विसळला होता का?"

"तसं करायचं असतं?"

"इतकी वर्षं करत होते."

मिस्त्रींनी मान खाली घातली. मग शेगडीवर आधण ठेवलं आणि दोघांचा चहा केला. तो गरम असतानाच दोघांनी प्यायला.

माझ्या मापाची काच आता मिळत नाही. पण बुधवारी टेबल पुसून झालं की मिस्त्री मला अजून त्यावर ठेवतात. हॉटेल म्हणून दुसरंच काहीतरी मांडतात, कधी बरणी, कधी ती स्टीलची बाटली. मला पलीकडच्या कडेला, काडेपेटीच्या जागी, घर म्हणून उभं करतात. बाकीचे दिवस मी खिडकीत असतो. आत चहा नाही, बाहेर नदीपलीकडचा लाल दिवा. पण झाकण उघडं असतं, आत काही कोंडून राहत नाही.

मित्रांनो, थर्मास धुऊन ठेवाल तेव्हा झाकण काढून ठेवा. भरण्याआधी त्याला थोडी ऊब द्या. आणि घरी कोणी तुमच्यासाठी थांबलं असेल, तर माझ्यावर विसंबून उशीर करू नका. चहा गरम ठेवणं तेवढं मला जमत होतं.