बिनपोटाची गिटार आणि न आलेला सिनेमा

थांबा. आधी हात दाखवा. बोटांना खोबरेल नाही ना? मग बसा. मी भालचंद्राची बिनपोटाची, विजेवर वाजणारी गिटार बोलतेय.

मुंबईत एका सुताराने दाराच्या उरलेल्या सागवानी फळीतून मला कापलं. माझ्या सख्ख्या बहिणी कुठल्याशा चाळीत दारं होऊन उभ्या आहेत. त्यामुळे कोण आला, कोण गेला, कोणाच्या मनात काय, यावर नजर ठेवायची खोड माझ्या लाकडातच आहे. शिक्षण अर्धवट. तारा सहा, त्यातली एक कायम रुसलेली.

भालचंद्र बुलढाण्याचा, कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा. मुंबईला पदवी आणायला गेला आणि मला घेऊन आला. वडिलांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"हीच का पदवी? सही-शिक्का दिसत नाही कुठं!"

तेव्हा महाराष्ट्र नवा नवा होता आणि रॉक नावाचं गाणं आमच्या जिल्ह्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. हा बहाद्दर ते स्वतः रचायचा, तेही वऱ्हाडीत:

"थांब ना वं यष्टी, मी येऊन राह्यलो,
तुह्या मांगं मांगं धूळ खाऊन राह्यलो!"

त्याला एवढंच हवं होतं की हे गाणं लोकांच्या तोंडी बसावं, आणि लोकांनी म्हणावं, हे भालचंद्राचं.

पहिला कार्यक्रम धाड या गावी, गणपतीत, बाजाराच्या दिवशी. माझी विजेची तार दयाराम भोंगेवाल्याच्या यंत्रात खुपसली होती आणि त्या यंत्राशेजारीच त्याची तबकडी वाजवायची पेटी. गाणं सुरू झालं. मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव उठले आणि माझ्याभोवती गोल फिरले. बैल पाहतात तसे.

"याले पोट नाही, भोक नाही. आवाज कुठून येऊन राह्यला बे दयाराम? रेकॉर्ड लावली काय?"

"नाही मालक, आईची आन!"

"मंग तार काढ. सगळ्याच काढ."

दयारामने माझ्या आणि माइकच्या विजेच्या तारा उपटल्या. मी मच्छरासारखी टिणटिणले. भालचंद्र गातच होता, पण बाजाराच्या गलक्यात ऐकतो कोण! लोकांना नुसतं हलणारं तोंड दिसलं.

"पाह्यलं? तार काढली अन् गाणं मेलं! रेकॉर्डच होती!"

त्या दिवसापासून भालचंद्राने गाणं सोडलं आणि ऑर्केस्ट्रा काढला. स्वतः म्यानेजर. सिनेमाची गाणी, चमकीचे कोट, मखमली पडदा. गाणारे दुसरे, वाजवणारे दुसरे, हा पडद्यामागे. मला एका भाड्याच्या वादकाच्या गळ्यात बांधलं. त्याच्या बोटांना तेल असायचं. मी ऐन रंगात तार तोडायचे. मजा यायची हो!

कार्यक्रम झाला की लोक म्हणायचे, "वा! एकदम रेकॉर्डसारखं!" आणि भालचंद्र हात जोडायचा. गावोगाव नाव झालं. पण माणूस माझ्यापेक्षा संशयी झाला. गायक पानठेल्यावर कोणाशी बोलला, ढोलकीवाल्याला दुसऱ्या पार्टीने चहा काऊन पाजला, सगळीकडे याचे कान.

मग शैलजा आली. शाळामास्तरांची मुलगी, आवाज लख्ख. एकदा साडीच्या निऱ्या नीट करता करता ती गुणगुणली, "थांब ना वं यष्टी..." भालचंद्र ताडकन उठला.

"कोणी पाठवलं तुला? चिडवायला आलीस?"

"काय भाऊ तुम्ही! लहानपणी धाडच्या कार्यक्रमाले मी पुढंच बसली होती. चांगलं गाणं हाये. काऊन लपवता?"

त्याला पटलं नाही. मलाही नाही. फुकट कौतुक कोण करतं?

बीबी गावच्या कार्यक्रमात तिने कोणाला न विचारता तेच गाणं धरलं. माणसं टोप्या उडवायला लागली, बायका हसून लोटपोट. चार वेळा म्हणवून घेतलं. शेवटी कोणीतरी ओरडलं, "कोणत्या पिच्चरचं हाये हो हे?"

शैलजाने माइक भालचंद्रापुढे धरला. पडद्याआडून ओढून आणलं होतं त्याला. बोल ना बे, म्हणून मी एक तार झणकावलीसुद्धा. भालचंद्राने घाम पुसला. आपलं म्हटलं तर हसतील, ही शंका त्याच्या कपाळावर लिहिलेली.

"येणाऱ्या पिक्चरचं आहे," तो म्हणाला. "लवकरच लागणार."

टाळ्याच टाळ्या! शैलजाने माइक खाली ठेवला.

"सोताच्या लेकराले शेजाऱ्याचं म्हणता भाऊ," ती म्हणाली, "उद्या माह्याबद्दल काय सांगसान?" दुसऱ्या दिवशी ती ऑर्केस्ट्रा सोडून गेली.

गाणं मात्र जिल्हाभर झालं. पिंपळगाव राजा गावची पोरं सायकलवर म्हणतात, दुसऱ्या पार्ट्या म्हणतात, आणि सगळे त्या सिनेमाची वाट पाहतात. खामगावच्या टॉकीजवर चौकशा होतात म्हणे!

काल आमच्या दारावरून वरात गेली. बँडवाले तेच वाजवत होते. भालचंद्र अनवाणी धावला, क्लॅरिनेटवाल्याचा दंड धरला.

"हे माझं गाणं आहे!"

"तुमचं? मंग पिच्चर बी तुमचाच असन! कधी लावता?"

वरात हसत पुढे गेली. हा धुळीत उभा.

आज सकाळी त्याने दार लावलं आणि इतक्या वर्षांनी मला स्वतःच्या मांडीवर घेतलं. हात कोरडे, मी आधी तेच तपासलं. तोंडात नव्या दोन ओळी आहेत, सिनेमाची वाट पाहणाऱ्या गावावर. बऱ्या आहेत. पण माझा भरवसा नाही. माइक समोर आला की हा पुन्हा एखादा सिनेमा काढेल.

म्हणून तुम्हालाच गळ घालते. कुठल्याही गावी हे नवं गाणं ऐकलंत आणि हा पडद्याआड सरकताना दिसला, तर बाही धरून पुढे ओढा. विचारा, "कोणाचं हो हे?" खरं उत्तर येईपर्यंत बाही सोडू नका, फाटली तरी.

बरं, उठा आता. खुंट्या पिळायला लागलाय तो. मला सुरात यायचंय.