दुसऱ्या पाण्याची कॉफी

माझा नवरा ओड्वार मोठा विरक्त माणूस आहे, अशी आमच्या डोंगरावर वर्षभर ख्याती होती. मी त्याची बायको असल्यामुळे मला ही बातमी सगळ्यांत शेवटी कळली.

खरी गोष्ट अशी की आम्ही कर्जात गळ्यापर्यंत बुडालो होतो. द्रामेन शहरातल्या आमच्या घरात आधी नवं स्वयंपाकघर आलं. मग अंगणात दुसरं स्वयंपाकघर आलं, कारण उन्हाळ्यात घरात शिजवणं किती मागासलेलं दिसतं हे शेजाऱ्यांकडे पाहून आमच्या लक्षात आलं. मग बोट आली. बोटीच्या कर्जाचे हप्ते भरायला दुसरं कर्ज काढलं, आणि ते फेडायला एक छोटंसं, गोंडस, घरबसल्या मिळणारं तिसरं. शेवटी बँकेतल्या पोरीने आम्हाला समोर बसवलं आणि दोघांपुढे पाण्याचे ग्लास ठेवले. बोट घेतली तेव्हा त्याच टेबलावर आम्हाला कॉफी आणि बदामाचा केक मिळाला होता. नुसतं पाणी पाहिल्यावर मी समजायचं ते समजले.

बोट विकली. घर एका डॉक्टर जोडप्याला भाड्याने दिलं. अंगणातलं स्वयंपाकघर पाहूनच ते हो म्हणाले, तेवढा तरी त्याचा उपयोग झाला. आम्ही दोघं माझ्या बाबांनी ग्रोफ्येल डोंगरावर बांधलेल्या लाकडी घरात राहायला आलो. तिथे वीज नाही, नळ नाही. पाणी तळ्यातून आणायचं, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून. संडास अंगणापलीकडे, आत भिंतीवर राजा-राणीचा फोटो, सगळ्यांकडे असतो तसा. ओड्वारला खाली गावात लाकडाच्या वखारीत काम मिळालं आणि मला वृद्धाश्रमात. अशी आणखी तीन वर्षं काढली की आम्ही मोकळे होणार होतो. मला दोनच गोष्टी हव्या होत्या, कर्ज फिटायला हवं आणि बाबांचं घर हातचं जायला नको.

ग्रोफ्येलवर वीसेक घरं आहेत. बाकीचे लोक शनिवार-रविवारी येतात आणि ईस्टरला झाडून सगळे हजर असतात. दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ टेकून, उन्हाकडे तोंड करून बसतात, संत्री सोलतात आणि एकमेकांना सांगतात, खरं आयुष्य हेच. मंगळवारी ऑफिस असतं, त्यामुळे खरं आयुष्य सोमवारी संध्याकाळपर्यंत उरकावं लागतं.

गेल्या ईस्टरला वरच्या उतारावरची कामिला आमच्याकडे आली. ती ऑस्लोत कंपन्यांना सल्ले देते. कसले, ते तिला एका वाक्यात सांगता येत नाही. ओड्वार चुलीजवळ बसून मोजे रफू करत होता आणि मी कालच्याच चोथ्यावर दुसरं पाणी ओतून कॉफी उकळली होती. आता आलीच आहे तर तिलाही एक कप दिला.

"ही कसली गं कॉफी, तुरिद?" तिने विचारलं.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ओड्वार म्हणाला, "डोंगरातली."

"किती हलकी आहे. पोटाला कळतसुद्धा नाही." तिने आणखी एक घोट घेतला आणि खोलीभर नजर फिरवली. "तुमची ती बोट होती ना? टीव्ही? ते मोठं स्वयंपाकघर?"

"सोडलं सगळं," ओड्वार म्हणाला.

कामिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी डोळे वटारून ओड्वारकडे पाहिलं, पण तो मोज्याच्या भोकात दिसेनासा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. कोणी लाकडं कशी रचायची ते बघायला यायचं, कोणी नुसतं बसायला. 'डोंगरातली कॉफी' सगळ्यांना हवी असायची. एवढ्या पाहुण्यांना चोथा पुरेना, म्हणून मी तिसरं पाणी ओतलं, तर ती आणखीच नावाजली गेली. उन्हाळ्यात कामिलाने साधं राहायचं म्हणून हाताने घडवलेली एक कुऱ्हाड मागवली. तिच्या किमतीत आमचा महिन्याचा किराणा आला असता. मग तिने कोपरांवर आधीच ठिगळं लावलेला नवाकोरा स्वेटर घेतला. माझ्या स्वेटरच्या कोपरांकडे बघत म्हणाली, "तुझी ठिगळं कुठल्या दुकानातली गं?"

"ओड्वारच्या जुन्या पँटची आहेत," मी म्हटलं.

"बघ, अशी मिळतच नाहीत कुठे."

मला हसू यायचं, पण ओड्वारचं लक्षण मला ठीक दिसेना. तो हळूहळू स्वतःचं ऐकायला लागला होता. जेवताना पावावर तपकिरी चीज ठेवायच्या आधी थांबून म्हणायचा, "माणसाला खरं तर किती थोडं लागतं, तुरिद." मी म्हणायची, "हो ना, आणि हप्ता किती मोठा लागतो."

एकदा मी त्याला सरळच विचारलं, "लोकांना खरं का सांगत नाहीस? कर्ज झालंय, फेडतोय, म्हणून इथे आहोत. चोरी थोडीच केलीय."

"वेडी आहेस का? शेजारच्या योस्टाइनने स्वतःच्या मूळव्याधीचं ऑपरेशन भर जेवणात सांगितलं, सगळ्यांनी ऐकून घेतलं. कामिला आपल्या दोन्ही घटस्फोटांचं मजेत सांगते. पण आजवर या डोंगरावर एक तरी माणूस म्हणालाय, की माझ्याकडे पैसे नाहीत?"

ते खरंच होतं. मी बादली उचलली आणि तळ्यावर गेले.

या ईस्टरला डोंगरावरच्या घरमालकांच्या संघाची वार्षिक सभा योस्टाइनकडे होती. योस्टाइन संघाचा अध्यक्ष, आवाज मोठा आणि मनही मोठं. त्याचं घर दुमजली आहे, मागे जनरेटर घरघरत असतो, तरी त्या घराला तो 'आपलं साधंसं खोपटं' म्हणतो. बैठकीच्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसले, कॉफी आणि बिस्किटं फिरली, आणि योस्टाइनने प्रस्ताव वाचला. दारापर्यंत रस्ता, घरोघरी वीज, घरोघरी नळ. वाट्याला येणारा खर्च त्याने सहज सांगितला, एखादी किरकोळ गोष्ट सांगावी तसा. दर घरामागे एका बऱ्यापैकी गाडीची किंमत होती. आमच्या संघाचा नियम असा की बहुमताने ठरलं की सगळ्यांनी भरायचं. ज्याला जमणार नाही त्याने घर विकून मोकळं व्हायचं.

बाबांनी त्या घराची एकेक तुळई पाठीवर वाहून आणली होती, तेव्हा रस्ता नव्हता आणि आता रस्त्यापायीच ते घर जाणार होतं.

ओड्वार उभा राहिला. मला वाटलं, आता तरी हा खरं बोलेल. तो बोलला, आणि काय बोलला! शांतता, तारे, तळ्यावरून बादलीने पाणी आणताना माणसाला भेटणारा स्वतःचा आत्मा. बादली बहुतेक वेळा मी आणते, पण तो मुद्दा वेगळा. कामिला रुमालाने डोळे टिपत होती. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अगदी मनातलं बोललास, ओड्वार," योस्टाइन म्हणाला. "म्हणूनच तर वीज हवी. सरपण फोडण्यात, पाणी आणण्यात सगळा दिवस जातो, माणसाने साधं राहायचं कधी? खाली फरशी गरम असली, बाहेर गरम पाण्याचा टब असला, की निवांत बसून साधेपणाकडे लक्ष देता येतं."

"बरोबर आहे," कामिला म्हणाली. "ओड्वारने जे सांगितलं ते टिकवायलाच रस्ता हवा. नाहीतर म्हातारपणी आपण या साधेपणापर्यंत पोहोचणार कसं?"

सगळ्यांच्या माना हलल्या. ओड्वारचीही हलली. आपल्याच प्रवचनाने आपलं घर विकायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मग हात वर करू या," योस्टाइन म्हणाला. "कोणाकोणाला हवंय?"

त्याने स्वतःचा हात आधी वर केला. आणि मग मला एक गोष्ट दिसली. कोणीच झटकन हात वर केला नाही. आधी प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने त्याच्याकडे, आणि मग हात जरा जरा वर यायला लागले. कामिलाचा खांद्यापर्यंत आला, तिथे थांबला, मग पुढे गेला. आणि माझाही हात उठत होता. देवाशप्पथ, माझा स्वतःचा हात मांडीवरून सुटून वर निघाला होता, कारण खोलीत एकट्याचाच हात खाली राहिला तर लोक काय समजतील. बोट घेतली तेव्हा असाच उठला होता. मी दुसऱ्या हाताने तो खाली दाबला.

"चिठ्ठ्या टाकू या," मी म्हटलं.

"कशाला गं?" योस्टाइन हसत म्हणाला. "आपल्यात कसली लपवालपवी?"

नियमाप्रमाणे एकाने जरी मागितलं तरी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात, हे त्यालाही ठाऊक होतं. मी उभी राहिले.

"माझी लपवालपवी नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे पैसे नाहीत. आमच्या डोक्यावर कर्ज आहे, बोटीचं, स्वयंपाकघरांचं, आणि कर्जाचं कर्ज. आम्ही काही सोडून आलेलो नाही, बँकेने सोडायला लावलं. द्रामेनचं घर भाड्याने दिलंय आणि त्या भाड्यावर हप्ते भरतोय. तुम्ही पिता ती डोंगरातली कॉफी कालच्या चोथ्याची असते. तर माझं मत तुम्हाला आता माहीत आहे, मला चिठ्ठीची गरज नाही. दुसऱ्या कोणाला असली तर असावी, म्हणून म्हणतेय."

ओड्वार लालबुंद होऊन बुटांकडे पाहत होता. कोणीतरी बिस्किट चावत होतं, तेही चावायचं थांबलं.

कोरा कागद कोणाकडेच नव्हता. शेवटी योस्टाइनच्या बायकोने डब्यातल्या पावांच्या मध्ये घालतात त्या पातळ कागदाची चळत आणली आणि त्याचे चौकोन फाडून वाटले. माणसांनी पाठ वळवून, हाताचा आडोसा धरून लिहिलं, शाळेत परीक्षेला लिहायचो तसं. चिठ्ठ्या लोकरी टोपीत पडल्या. योस्टाइनने एकेक काढून मोठ्याने वाचायला घेतली. "नको." पुढची काढली. "नको." मग आणखी एक नको, आणि आणखी एक. त्याचा आवाज बारीक होत गेला. एकदा 'हो' निघाली तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं, पण पुन्हा 'नको'चीच माळ लागली. टोपी रिकामी झाली तेव्हा 'हो' म्हणणारे सगळे मिळून तिघे होते.

"अरेरे," योस्टाइन म्हणाला. "लोकशाही आहे, काय करणार." त्याने कपाळ पुसलं. खोलीत गरम होत होतं खरं, पण एवढंही नाही.

बाहेर पडून स्की चढवताना मला भेटलेल्या प्रत्येकाने आपण 'हो' लिहिल्याचं मला आपणहून सांगितलं. कामिलाने तर दोनदा सांगितलं.

घराच्या दाराशी आल्यावर ओड्वार म्हणाला, "सगळ्यांसमोर नागडं केलंस मला."

"घर वाचलं," मी म्हटलं.

त्याने बुटांवरचा बर्फ झटकला. मग म्हणाला, "उद्या पाणी मी आणतो." आणि तेव्हापासून तोच आणतो.

त्यानंतर कोणी लाकडाची रचना बघायला आलं नाही. कॉफीचं नावही कोणी काढेना. रातोरात आमचा साधेपणा संपला आणि गरिबी सुरू झाली. एका सकाळी पायरीवर संत्र्यांची पिशवी ठेवलेली सापडली, सोबत ती महागाची कुऱ्हाड. पावलं कामिलाच्या घराकडून आली होती आणि दार न ठोठावता परत गेली होती. मला फार लागलं ते. वर्षभर माझ्या घरात बसून रडणारी बाई आता दारातून आत यायला लाजत होती. संत्री मात्र गोड होती, आम्ही सगळी खाल्ली.

नोव्हेंबरात डोंगरावर आमच्याशिवाय कोणी नसतं. एका मंगळवारी कामावरून परतताना मला योस्टाइनच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला. बुधवारीही दिसला. जनरेटर बंद होता. गुरुवारी सकाळी तो तळ्यावरून वर आला, हातात रिकामी बादली, भुवयांवर बर्फ.

"तुरिद, भोक कुठे पाडता गं तुम्ही? मी तीन ठिकाणी ठोकलं, खाली दगडच."

"दोन मोठ्या दगडांच्या मध्ये. इकडे कसा काय?"

"सहजच. आम्ही जरा साधं राहायचं म्हणतोय. हिवाळाभर." तो आमच्या लाकडांच्या थप्पीकडे पाहत राहिला. "सवय व्हायला किती दिवस लागतात?"

"थंडीची व्हायला महिना लागतो," मी म्हटलं. "दुसऱ्या गोष्टीचं, एकदा बोलून टाकलं की भागतं."

त्याने बादली खाली ठेवली, पुन्हा उचलली. त्याचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"खालचं घर भाड्याने दिलं," तो म्हणाला. "हप्ते भागत नव्हते. खरं तर तीन वर्षं झाली, नव्हतेच भागत. त्या चिठ्ठीवर मीही…"

"आत ये," मी म्हटलं. "बायकोलाही हाक मार."

चुलीवर कालच्या चोथ्याची किटली उकळत होती. मी ती उचलून मागच्या दाराबाहेर बर्फावर रिकामी केली, घासली, आणि नवी कॉफी घातली, चौघांना पुरेल एवढी, कडक.