बनीनचं चुकलेलं उत्तर

सुहादने संगणकावरची बनीनची उत्तरपत्रिका बंद केली, उठून खिडकीपर्यंत गेली, परत आली आणि पुन्हा उघडली. लाल फुली होती तिथेच होती.

‘साबी लोक ग्रहताऱ्यांची पूजा करतात. बरोबर की चूक?’

बनीनने ‘चूक’वर बोट ठेवलं होतं. संगणकाने तिला शून्य दिलं होतं, आणि त्या एका शून्यापायी पोर नापास झाली होती. आता वसंतात बाकीच्या मुली आपापल्या शाळांवर शिकवायला जातील आणि ही घरी बसेल. ‘साल वाया गेलं तर पुढचं शिक्षण बंद,’ असं बापाने आधीच बजावून ठेवलं होतं.

अभ्यासक्रम वरून आलेला होता. राजधानीतून, बाहेरच्या कुठल्याशा संस्थेच्या मदतीने. ‘आपल्या वर्गातली निरनिराळी मुलं’ असं त्याचं नाव. उद्या शिक्षक होणाऱ्यांनी तो ऑनलाइन शिकायचा. एका धड्यात कुर्द, एकात तुर्कमान, एकात ख्रिस्ती, एकात साबी, म्हणजे नदीकाठी राहणारे, एका जुन्या छोट्या धर्माचे लोक. प्रत्येकाची छोटीशी चित्रफीत आणि शेवटी प्रश्न, ज्यांची उत्तरं संगणकच तपासणार. शिकवणाऱ्या बाईने पडदा लावायचा, दिवे घालवायचे, हजेरी घ्यायची.

साबी लोकांच्या चित्रफितीत पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा नदीत उभा असे. निवेदक जड आवाजात म्हणे, ‘हे गूढ लोक...’ आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर रात्रीचं आभाळ पसरे, ताऱ्यांनी खच्चून भरलेलं. दर वर्षी नेमक्या त्या जागी सुहाद हजेरीच्या कागदात डोकं घाली.

कारण सुहाद स्वतः साबी होती.

ऑफिसातल्या कुठल्यातरी फायलीत ते लिहिलेलं असेल. पण फायली कोण वाचतो? अमारा शहर सोडून दिजला नदीवरच्या या गावात नोकरीला आली तेव्हा तिने घराण्याचं नाव मागे ठेवलं आणि इथल्या बायकांसारखा काळा रुमाल बांधला. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. भाऊ, भावजया, आई सगळी ऑस्ट्रेलियात. आई फोनवर म्हणे, “इथेही नदी आहे गं, ये.” सुहाद म्हणे, “बघते.”

नेम मात्र तिने सोडला नव्हता. उजाडता उजाडता पुलाखालच्या लव्हाळ्यापाशी जायचं. उत्तरेकडे तोंड करून वाहत्या पाण्याने हात धुवायचे, तोंड धुवायचं, ओल्या बोटांनी कपाळावर खूण करायची, आणि प्रकाशाच्या धन्याचं नाव ओठांतल्या ओठांत घ्यायचं. थंडीत बोटं बधिर होत, तरी त्या पाण्याइतकं मऊ तिला दुसरं काही वाटत नसे. कुणी हटकलंच तर उत्तर तयार होतं: गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय डॉक्टरांनी. ते उत्तर द्यायची वेळ अजून आली नव्हती.

“अजून त्या पोरीचंच घेऊन बसलात?”

विभागप्रमुख डॉ. जब्बार पोट पुढे काढून दारात उभे होते. हातात चहाचा छोटा काचेचा पेला, त्यात साखर अर्ध्यावर साचलेली.

“प्रश्नच चुकीचा आहे, डॉक्टर.”

“कशावरून?”

सुहादने टेबलावरचा कीबोर्ड सरळ केला. तो सरळच होता.

“वाचलंय कुठेतरी.”

“कुठेतरी!” डॉ. जब्बार हसले. “सुहादबाई, ‘कुठेतरी’ला वरचे लोक आधार मानत नाहीत. हरकत घ्यायची मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे. आधार जोडा, घ्या हरकत. आहे आधार?”

“शोधतेय.”

“शोधा. नाहीतर सोपं सांगतो. दुपारी मी तिला फेरपरीक्षा उघडून देतो. तिला म्हणावं, या खेपेला गुमान ‘बरोबर’वर बोट ठेव आणि पास हो. ते तारे पूजतात की तंदूर पूजतात, आपल्याला काय करायचंय?” त्यांनी चहाचा घोट घेतला. “बरी माणसं होती हो. माझ्या आईच्या बांगड्या त्यांच्यातल्याच सोनाराने घडवलेल्या. अजून एक सांधा निखळलेला नाही. आता राहिलेत कुठे ते!”

ते गेले. सुहाद पुन्हा शोधायला बसली. एका पानावर तारे, दुसऱ्यावर तारे. तिसऱ्या पानाने पहिल्याचं जसंच्या तसं उचललेलं, त्यातलं एका गावाचं चुकलेलं नावसुद्धा. कुठे चार शब्द बरे सापडले तर ते लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. तिने पाणी प्यायलं. खिडकी उघडली, धूळ आली म्हणून लावली. वीज गेली तसा पंखा मंदावला, जनरेटर लागताच पुन्हा फिरू लागला.

गेले दोन दिवस तिच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळत होता. बनीन कोण? इतक्या मुलींत हिनेच ‘चूक’ का म्हणावं? आपल्यातलीच तर नसेल, आपल्यासारखीच दडून बसलेली? सुहादने तिचा डबा पाहिला, कपडे पाहिले, बोलणं ऐकलं. पण मुहर्रममध्ये घरची गहू-मटणाची हरीसा पातेलं भरून आणणारी, सगळ्या वर्गाला आग्रह करकरून वाढणारी ती बनीनच. काही जुळत नव्हतं. तरीही वाटे, असेल आणि उघडी पडली तर? तिच्या मागोमाग आपण?

दुपारी बनीन आली, ती येतानाच बोलत आली.

“बोलावलंत, बाई? मी म्हटलं, झालं, आता घरीच पाठवतात. तसं असलं तर सरळ सांगा, मी रडणार नाही. म्हणजे इथे तरी नाही.”

“बस आधी. फेरपरीक्षा मिळतेय तुला. तेवढा एकच प्रश्न. डॉक्टरांनी सोय केलीय.”

“अल्ला त्यांना हजार वर्षं देवो! त्यांच्या पोटालाही!”

सुहादला हसू आलं नाही. तिने संगणक बनीनकडे वळवला. प्रश्न पडद्यावर तयार होता.

“फक्त या वेळी उत्तर नीट दे.”

“नीट म्हणजे?”

“चित्रफितीत सांगितलंय ते.”

बनीनचा हात माउसवर गेला होता, तो तिथेच थांबला. ती वळून बाईंकडे बघत राहिली.

“हे तुम्ही सांगताय, बाई?”

“मी सांगितलं तर काय झालं?”

“काही नाही.” बनीनने मान खाली घातली. “दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.”

सुहादने दाराकडे पाहिलं. दार अर्धं उघडं होतं, बाहेर कुणी नव्हतं. तिने आवाज उतरवला.

“बनीन, तुला कुणी सांगितलं, ते तारे पूजत नाहीत म्हणून? घरातलं कुणी...?”

“आमच्या घरातलं? आमच्या आजीला विचाराल तर ती म्हणेल मासे पूजतात. ती काहीही ठोकून देते.”

“मग?”

“मग काय, बाई. रात्री तुम्ही तिथे नसता ना.”

“कुठे?”

“नदीवर.”

सुहादने खुर्चीचा हात धरला.

“आमची मिनीबस पुलावरून येते,” बनीन हळू म्हणाली. “तुम्ही खाली लव्हाळ्यापाशी असता, त्या चित्रफितीतल्या म्हाताऱ्यासारख्या, हात पाण्यात. थंडी असू दे, नाहीतर धुळीचं वादळ. तारे पूजणारा माणूस रात्री नाही का येणार? तुम्ही येता तेव्हा तारे सगळे विझलेले असतात. आणि तुम्ही वर बघतसुद्धा नाही. पाण्याकडेच बघता.”

“अजून कोणी पाहिलंय?”

“सगळ्या बसने.”

“सगळ्या?”

“केव्हापासून! आमचे ड्रायव्हर, अबू सज्जाद, त्यांचा हात एरवी भोंग्यावरून निघत नाही. पण पुलावर नाही वाजवत. मेंढ्या आडव्या आल्या तरी खिडकीतून हात काढून हाकलतात. एकदा रुकय्याने फोनवर गाणं लावलं, तर कसले ओरडले तिच्यावर. म्हणाले, बंद कर गं ते, बाई नमाजात आहेत.”

सुहादचा एक हात मानेमागे गेला. रोज सकाळी पाठीवर इतके डोळे होते, आणि एकही तिला टोचला नव्हता. हे ऐकून रडावं की पळून जावं, तिला समजेना. गुडघ्यांचं ते उत्तर आता कुणाला द्यायचं!

तिने विचारलं, “मग त्या सगळ्यांनी ‘बरोबर’ का लिहिलं?”

“मार्क हवे होते, बाई.”

“आणि तुला नको होते?”

“मला तर सगळ्यांपेक्षा जास्त हवे होते.” बनीनने नाक ओढलं. “पण मी वर बघितलं आणि तुम्ही समोर बसला होतात, त्या हजेरीच्या कागदात तोंड खुपसून. माझं बोटच जाईना.”

बाहेर मुली घरी निघाल्या होत्या. चपलांचा, हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत जाई आणि विरे.

“आता तुम्ही म्हणाल तर ठेवते बोट,” बनीन म्हणाली. “खरंच ठेवते. मला शाळा हवीय, बाई. पण तुम्ही तसं म्हणा. माझ्याकडे बघून म्हणा.”

सुहादने तिच्याकडे पाहिलं. मग तिने हात लांब करून संगणक आपल्याकडे ओढला आणि पडद्यावरचा प्रश्न बंद केला.

हरकतीचं पान उघडलं. विद्यार्थिनीचं नाव. प्रश्न. हरकत घेणाऱ्याचं नाव. ते तिने भरलं. खाली ‘आधार’. एखाद्या पानाचा दुवा, पुस्तकाचं नाव किंवा ध्वनिचित्रफीत. त्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. तिने बोटं कीबोर्डवरून उचलली.

“बनीन, तुझ्या फोनमध्ये जागा आहे?”

“आहे की. कशाला?”

“धर माझ्यासमोर.”

बनीनने फोन काढला, रुमालाच्या टोकाने काच पुसली आणि दोन्ही हातांनी उभा धरला. सुहाद खुर्चीत सरळ झाली. रुमालाची कड उगाच मागे सारली, पुन्हा पुढे घेतली.

“माझं नाव सुहाद,” ती म्हणाली, आणि वडिलांचं नाव घेतलं, आणि त्यापुढे घराण्याचं. मग एक वाक्य बोलली.

बनीनने फोन खाली घेतला.

“नावं आली, बाई. पुढचं ऐकू नाही आलं.”

“हळू बोलले का?”

“फारच.”

बाहेर कुणीतरी कुणाला हाक मारली. मुलींचा एक घोळका दारावरून जाता जाता रेंगाळला. बनीन चटकन उठली.

“दार लावून घेऊ का?”

सुहादने दाराकडे पाहिलं. हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतले होते, ते तिने सोडवले.

“असू दे,” ती म्हणाली. “तू फोन धर.”